धुरावरच्या मांसाचा जोडधंदा: नागपुरात सुरुवात कशी करावी

घरच्या स्मोकरवर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस मंद आचेने शिजवणाऱ्या भट्टीवर, कोंबडी किंवा मटण उत्तम जमू लागले की हे विकायलाच काढा, असा आग्रह मित्र आणि शेजारी धरू लागतात. हा आग्रह मनावर घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धूर देण्याचे कसब तुमच्याकडे असेलही, परंतु धंदा टिकतो तो प्रत्येक खेपेला सारखाच माल देण्यावर आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या या शहरात तो माल थंड राखण्यावर. म्हणून पहिला मोठा खर्च नव्या स्मोकरवर न करता केवळ मांसासाठी राखलेला फ्रीज, एक डीप फ्रीझर, वजनकाटा आणि दोन चांगले प्रोब थर्मामीटर (मांसात खुपसून आतले तापमान दाखवणारे) यांवर करावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला पदार्थ दोनच ठेवावेत. कोंबडीची तंगडी सर्वांत सोयीची, कारण ती दोन-तीन तासांत होते, स्वस्त असते आणि थोडी अधिक शिजली तरी कोरडी पडत नाही. दुसरा पदार्थ डुकराच्या खांद्याचे मांस किंवा बोकडाची रान, म्हणजे अख्खी मांडी, असावा. मात्र रानेत चरबी कमी असल्यामुळे निम्मी वेळ झाल्यावर ती फॉइलमध्ये गुंडाळणे भाग पडते. अमेरिकी पद्धतीच्या ब्रिस्केटचा, म्हणजे गोवंशाच्या छातीच्या मांसाचा, मोह होतो, पण २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या मांसावर बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे. चवीच्या बाबतीत नागपूरकर सावजीच्या तिखटावर वाढलेला असतो, तेव्हा गोड सॉसच्या मागे न लागता भाजलेल्या खड्या मसाल्याचे कोरडे वाटण चोळावे आणि लाल तिखट बेतानेच घालावे, कारण दीर्घ आचेवर ते काळे पडून कडवट होते.

लाकडाच्या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत आणि छाटणीच्या किंवा वाळलेल्या झाडांच्या फांद्या बागायतदारांकडे सरपण म्हणून मिळू शकतात. संत्र्याच्या लाकडाचा धूर सौम्य असतो, कोंबडीला आणि डुकराच्या मांसाला तो विशेष शोभतो, आणि ‘संत्र्याच्या लाकडावर’ एवढे दोन शब्द तुमच्या मालाला या मातीची ओळख देतात. नुकतीच औषधफवारणी झालेल्या बागेतील लाकूड मात्र घेऊ नये, आणि घेतलेल्या लाकडाची साल काढून टाकावी. चिरलेले लाकूड छपराखाली, वारा खेळेल असे रचून किमान सहा महिने वाळवावे. ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर पांढरा, दाट धूर निघतो आणि मांसावर कडू थर बसतो. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. जोडीला आंब्याचे किंवा जांभळाचे लाकूड चालते, आणि निखाऱ्यासाठी बाभूळ उत्तम. लकडगंजच्या आरागिरण्यांतले तुकडे स्वस्त मिळतात म्हणून आणू नयेत, कारण त्यांत प्लायवूड, पॉलिश केलेले किंवा कीडनाशक लावलेले लाकूड मिसळलेले असू शकते.

स्मोकर २०० लिटरच्या ड्रमपासून फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडकाम करणाऱ्याकडून, करून घेता येतो. ड्रम पूर्वी खाद्यतेलासारख्या वस्तूचाच असावा, आतला लेप जाळून काढावा, आणि जाळी किंवा कोणताही भाग जस्ताचा मुलामा दिलेला नसावा, कारण तापल्यावर त्याची वाफ विषारी ठरते. आतले तापमान ११० ते १३० अंश सेल्सिअस राखावे. उन्हात ठेवलेला ड्रम आणि सावलीतला ड्रम सारखा वागत नाही, म्हणून तो कायम एकाच सावलीच्या जागी ठेवून प्रत्येक खेपेची नोंद वहीत करावी: मांसाचे वजन, मिठाचे प्रमाण, लाकूड, वेळ, आतले तापमान आणि निघालेला माल. ही वही पुढे तुमची खरी कृती ठरते.

आता ज्या भागात कोणतीही सवलत नाही, तो भाग. कोंबडीच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश झालेच पाहिजे. डुकराचा खांदा हाताने सुटावा यासाठी ते ९० ते ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यावे लागते. मध्येच ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तापमान तासनतास अडून राहते, कारण पृष्ठभागावरच्या पाण्याच्या बाष्पीभवनाने मांस थंड होत असते. अशा वेळी आच वाढवून घाई करू नये. विकायचे मांस लगेच जाणार नसेल तर ते ५७ अंशांवरून दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर यावे, म्हणून मोठा तुकडा तसाच फ्रीजमध्ये न ठेवता उथळ ताटांत पसरावा किंवा पाकिटे करून बर्फाच्या पाण्यात बुडवावीत. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असताना तयार माल उघड्यावर एका तासापेक्षा अधिक ठेवू नये. व्हॅक्यूम पाकीट करणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण हवा काढली म्हणजे माल टिकाऊ झाला असे होत नाही; बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या, प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूला ती स्थिती उलट मानवते. असे पाकीट ५ अंशांखालीच ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवण्याची तारीख लिहावी. थंड धुराचे, म्हणजे मांस न शिजवता नुसता धूर देण्याचे, प्रयोग धंद्यासाठी करूच नयेत.

किमतीचा हिशेब कच्च्या वजनावर केला की तोटा ठरलेला. समजा, ४०० रुपये किलोने ५ किलो हाडविरहित मांस घेतले आणि धुरावर त्यातले ४० टक्के वजन घटले, तर हाती ३ किलो माल येतो आणि त्याचा निव्वळ कच्चा खर्चच किलोमागे ६६७ रुपये पडतो, म्हणजे २०० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १३३ रुपये. मसाला, लाकूड, डबा, बर्फ, पोहोच आणि तुमची दहा-बारा तासांची मजुरी यांसाठी जागा हवी असेल तर कच्चा खर्च विक्रीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. या उदाहरणात पाकीट सुमारे ३३३ रुपयांच्या खाली परवडत नाही. आपल्या वेळेची किंमत शून्य धरून स्वस्तात विकणारा फार काळ टिकत नाही, आणि गिऱ्हाईकाला एकदा लागलेली स्वस्ताईची सवय मोडत नाही.

कागदपत्रांचा भाग तुलनेने सोपा आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी फॉसकॉस या संकेतस्थळावर करावी; २०११ च्या नियमांत साध्या नोंदणीची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपये उलाढाल अशी होती, अर्ज करताना चालू मर्यादा तपासून घ्यावी. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा आणि त्यासोबत घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख आणि तपकिरी त्रिकोणाचे मांसाहारी चिन्ह असावे. दहापेक्षा कमी कामगार असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना पुरते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी संमती आधीच घ्यावी, कारण शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेलेला धूर धंदा बंद पाडू शकतो.

विक्री आठवड्यातून एकाच दिवशी, आगाऊ मागणीवर आणि यूपीआयने पैसे घेऊन करावी. व्हॉट्सॲपवर गुरुवारी मागणी बंद, शुक्रवारी ओळखीच्या खाटकाकडून खरेदी आणि मीठ चोळणे, शनिवारी पहाटे आच, रविवारी सकाळी पोहोच, असा क्रम नोकरी सांभाळून जमतो. आखाडात आणि धुळवडीला मागणी वाढते, श्रावणात आणि नवरात्रात ती ओसरते. त्या ओसरीच्या आठवड्यांत ड्रमची दुरुस्ती करावी आणि पावसाने ओल धरलेले लाकूड पुन्हा वाळवून घ्यावे. हिवाळा हा खरा हंगाम आहे. थंडी पडली की माल थंड करणे सोपे जाते आणि गच्चीवरच्या पार्ट्यांच्या मोठ्या मागण्याही येऊ लागतात, परंतु फ्रीजमध्ये एका वेळी जेवढी ताटे मावतात तेवढीच मागणी घ्यावी आणि उरलेल्यांना पुढच्या रविवारची तारीख द्यावी.