पहाटे कुत्र्याला रानात फिरवताना या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात कुत्रं फिरवायची खरी वेळ पहाटेची. संध्याकाळी सात वाजतासुद्धा डांबर पंजे पोळवतं, पहाटेपर्यंत ते निवतं. मेअखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास; म्हणून गजर ऋतूप्रमाणे बदला. अंधारात निघताना लोकांना धास्ती लांडग्याची असते. नडतात ते ट्रॅक्टर, कुसळं आणि चुकीचा पट्टा.

कुत्रं डांबराच्या बाजूला

ही सर्वांत महागात पडणारी चूक. पायी चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. पण बहुतेकांनी कुत्र्याला डाव्या हाताला चालायची सवय लावलेली असते, म्हणजे ते नेमकं वाहनांच्या बाजूला येतं. त्याला दोन्ही बाजूंनी चालायला शिकवा आणि रस्त्यावर उजवीकडेच ठेवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागचा दिवा असेलच याची खात्री नाही. उसाचे वाढे ट्रॉलीच्या बाहेर आलेले असतात, ते समोरच्या दिव्याच्या झोतामागे दिसतच नाहीत. ट्रॅक्टर आला की साइडपट्टीच्याही खाली उतरा आणि दुसरी ट्रॉली गेल्यावरच वर या. कुत्र्याच्या अंगावर चमकणारी पट्टी हवी. काळ्या कुत्र्याला तर हवीच हवी.

लांबत जाणारा पट्टा

अंधारात पाच मीटर पुढे गेलेलं कुत्रं काय हुंगतंय ते कळत नाही. दीड ते दोन मीटरचा साधा पट्टा पुरे. कारवानी (सशामागे धावणाऱ्या शिकारी जातीचं सडपातळ कुत्रं) असेल तर गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, आत दोन बोटं जातील इतका घट्ट. ससा उठला की हे कुत्रं एका दमात सुटतं, झटका मानेला आणि तुमच्या खांद्याला बसतो. सशामागे सोडणं ही गंमत नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार ठरते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर तर कुत्रं नेऊच नये. डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) आणि रेबीज कुत्र्यांकडून लांडग्या-खोकडांत जातात.

बॅटरी लांबवर मारणं

उजेड दोन-तीन मीटरवर जमिनीवर पडू द्या. डोक्याला बांधायची बॅटरी बरी, हात मोकळा राहतो. घोणस बांधावर, पाचटात निपचित पडून असते, मण्यार रात्रीच फिरते. कुत्र्याचं नाक झुडपात जाऊ देऊ नका. साप चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवत नेऊ नका. उचलून थेट डॉक्टरकडे. घोणशीच्या चाव्याला सूज येते, मण्यारीच्या चाव्याला फारशी येत नाही, म्हणून सूज नाही यावर निर्धास्त होऊ नका. सर्पविषाची लस जवळ कुठे मिळते हे आजच विचारून ठेवा.

कुंपणाला तंगडी वर करू देणं

काही जण रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडतात. बेकायदेशीर आहे, पण अंधारात ते कळणार कसं? तारेपासून चार हात दूर चला. कुत्रं चिकटलं तर हात लावू नका, आधी वीज बंद करा.

घरी आल्यावर न तपासणं

पावसाळा सरला की गवताची कुसळं सुकतात. टोकाला उलटे केस असल्याने ती आतच सरकतात. एकाच बाजूने डोकं झटकत असेल तर कानात, लागोपाठ शिंकत असेल तर नाकात, बोटांमध्ये सारखं चाटत असेल तर पंजात कुसळ आहे असं धरा. बाहेर दिसतंय तोवर चिमट्याने सरळ ओढा. कानात-नाकात खोल गेलं असेल तर डॉक्टरशिवाय हात घालू नका. पावसात काळी माती बोटांमध्ये गोळे धरते, कोमट पाण्यात भिजवूनच काढा. वाळल्यावर ओढली तर कातडी निघते. गोचीड कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात बघा.

फिरायच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट पिळवटू शकतं. परतल्यावर धाप थांबेपर्यंत पाणी थोडं थोडं, आणि जेवण किमान तासाभराने.

मेंढरांचा वाडा बसलेला असेल तर त्या रानाला वळसा घाला. राखणीची कुत्री तुमच्याकडे नाही, तुमच्या कुत्र्याकडे धावतात. लांबूनच धनगरदादांना हाक मारा, ते आपली कुत्री आवरतात.