कार्ड तेच, केबल तीच, मग नेटवर्क गेलं कुठे?

घरच्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरमध्ये एक जादा एनव्हीएमई डिस्क (पीसीआयवर बसणारी वेगवान डिस्क) बसवली, मशीन चालू केलं आणि नेटवर्क गायब. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, राउटरला दोन शिव्या घातल्या. तासाभराने मॉनिटर जोडून नेटवर्क कार्डांची नावं दाखवणारी 'आयपी लिंक' कमांड मारली तेव्हा उजेड पडला: कार्डाचं कालचं नाव ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० झालं होतं आणि सेटिंगच्या फाइलीत जुनंच नाव.

चूक माझीच. अशा नावांना 'प्रेडिक्टेबल' म्हणतात, आणि 'प्रेडिक्टेबल' नाव म्हणजे कायमचं नाव, असं मी धरून चाललो होतो. पूर्वी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे कार्ड आधी सापडेल ते ईथ०, नंतरचं ईथ१. रीबूटनंतर दोघांची अदलाबदल होऊ शकायची. फायरवॉलवर असं झालं की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. म्हणून सिस्टमडीने (लिनक्समध्ये बूट आणि सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) २०१३ पासून, १९७व्या आवृत्तीत, कार्डाच्या जागेवरून नाव पाडायला सुरुवात केली. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस ३, एस० म्हणजे स्लॉट ०. पण मध्ये नवं काही बसलं की बसचे नंबर सरकू शकतात. चाळीत मधेच एक नवी खोली बांधली की पुढच्या खोल्यांचे नंबर बदलतात, बिऱ्हाडं तीच राहतात, तसं.

नाव ताडून बघताना आणखी एक गंमत: पीसीआय उपकरणांची यादी देणारी 'एलएसपीसीआय' कमांड बसचा नंबर हेक्समध्ये (सोळाच्या पटीत) दाखवते, इंटरफेसच्या नावात तो दशमानात येतो. तिथे ०ए दिसलं तर शोधायचं ईएनपी१०एस०.

वैतागून बरेच जण कर्नलच्या ओळीत 'नेट.आयएफनेम्स=०' टाकून ईथ० परत आणतात. एकच पोर्ट असलेल्या व्हर्च्युअल मशीनला ते खपतं. दोन पोर्ट असतील तर जुनं दुखणं परत घरात.

त्यापेक्षा सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये '१०-लॅन.लिंक' अशी फाइल करा, त्यात कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) द्या आणि आपलं नाव ठेवा. जुळणीसाठी 'मॅकॲड्रेस' नको, 'परमनंटमॅकॲड्रेस' लिहा; व्हीलॅन (एकाच कार्डावर केलेलं वेगळं आभासी नेटवर्क) मूळ कार्डाचाच मॅक वापरतो, त्यामुळे 'मॅकॲड्रेस' लिहिलं तर तोही त्याच नियमात सापडतो. नाव लॅन०, वॅन० असं काहीही चालेल, फक्त १५ अक्षरांच्या आत. ईथ० मात्र ठेवू नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो आणि दोघांची टक्कर होते.

मग बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी इमेज नवी करायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा, फेडोरावर 'ड्रॅकट -एफ'. हे राहिलं की बूटच्या सुरुवातीलाच जुन्या नियमाने नाव पडतं आणि तुमची फाइल बरोबर असूनही वाया जाते.

रीबूटआधी सेटिंगच्या सगळ्या फाइलींत जुनं नाव ग्रेप करून (शोधून) बघा. मी बघितलं नाही. घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएनएसमास्कच्या फाइलीत ईएनपी३एस० तसंच राहिलं. लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, २४ तासांची होती, म्हणून त्या दिवशी सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी घरातले फोन एकेक करून नेटवरून गळायला लागले.