भंगारातल्या पॅलेटचा तीन फुटी बाक, खर्च दोन हजारांच्या आत

पॅलेटचं, म्हणजे कारखान्यात माल ज्यावर रचून येतो त्या लाकडी चौकटीचं, फर्निचर करायचं म्हटलं की लोक आधी फोनवर फोटो शोधतात, मग त्या फोटोतला सोफा नाहीतर डबलबेड करायला घेतात आणि अर्ध्यावर फळ्या कमी पडतात, मापं जुळत नाहीत, आणि ते लाकूड गच्चीत पडून राहतं. असं करू नका. आधी पॅलेट आणा, उघडा, फळ्या मोजा, आणि त्या फळ्यांत जे बसतं ते बनवा. पॅलेटची फळी साधारण तीन-सव्वातीन फूट लांब, पावणेचार इंच रुंद आणि पाच-सहा सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) जाड असते, म्हणजे त्यातून तीन फुटी बाक अगदी सहज निघतो, आणि बाक ही अशी वस्तू आहे की दाराशी ठेवा, गॅलरीत ठेवा, चपला घालायला बसा, कुठेही उपयोगी पडतेच. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅलेट कुठे मिळतील? आपल्या वडोदऱ्यात तर तोटाच नाही. मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली, पलीकडे हालोल, सगळीकडे माल पॅलेटवर येतो आणि रिकामे पॅलेट जवळच्या भंगारवाल्यांकडे जातात. सकाळी ऊन चढायच्या आधी जायचं, 'भाई, आ केटलानुं?' विचारायचं आणि पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. धड पॅलेटला नगावर भाव लावतात कारण तो परत पॅलेट म्हणूनच विकला जातो, तुटका मात्र जळाऊ लाकडाच्या भावाने वजनावर मिळतो. आपल्याला तुटकाच हवा! नाहीतरी घरी आणून तो आपण उघडणारच आहोत, फक्त फळ्या सलग आहेत ना तेवढं बघा. बाकाला दोन पॅलेट पुरतात, तिसरा तुटका मिळाला तर सुट्या फळ्यांसाठी घेऊन ठेवा. आणि निळा रंग मारलेले पॅलेट भंगारवाल्याने दिले तरी घेऊ नका, ते बहुतेक भाड्यावर फिरणारे असतात, मालकी पॅलेट कंपनीचीच राहते.

आता निवड, आणि इथे घाई अजिबात करायची नाही. परदेशातून आलेल्या पॅलेटवर एक शिक्का भाजलेला किंवा छापलेला असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र, बाजूला आयपीपीसी अशी अक्षरं, खाली देशाचा कोड आणि शेवटी इंग्रजीत बहुधा एचटी किंवा एमबी. हा आयएसपीएम १५ नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का, लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. एचटी म्हणजे लाकूड तापवलंय, अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस आणि तेही सलग ३० मिनिटं, त्यात केमिकल नाही, हे घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी गॅसची धुरी दिलेली, हे मी घरात आणत नाही, फुकट दिलं तरी नाही. शिक्काच नसेल तर घाबरायचं कारण नाही, देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो लागत नाही, पण मग तो पॅलेट कशाखाली होता हे विचारायचं. नंदेसरीकडे सगळ्या केमिकलच्या फॅक्टऱ्या आहेत, तिकडचा माल असेल तर सोडून द्या. तेलकट डाग, रंगीत डाग, नाकाला झोंबणारा वास, यातलं काहीही असलं तरी नको, कारण लाकूड केमिकल पितं आणि धुऊन ते निघत नाही. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून मैद्यासारखा बारीक भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, तो पॅलेट लांबच ठेवा, घरातल्या बाकीच्या लाकडालाही लागेल.

लाकूड कुठलं ते हातात घेतल्यावर कळतं. पाइन हलकं, पिवळसर, घासलं की राळेचा छान वास येतो, काम करायला सोपं. निलगिरी नाहीतर मिक्स जंगली लाकूड जड असतं, खिळे सुटत नाहीत आणि वाळताना फळी पिळते. पाइन मिळालं तर पाइनच घ्या.

खरी मेहनत आहे पॅलेट उघडण्यात. याचे खिळे साधे नसतात, अंगाला पीळ किंवा कडी असलेले असतात म्हणजे निघू नयेत म्हणूनच ठोकलेले, त्यामुळे फळीच्या टोकाला पहार घालून जोरात उचकटलं की टोक चिरतं आणि तीन फुटांची फळी अडीच फुटांची होते. त्यापेक्षा असं करा. पॅलेट उभा करून भिंतीला टेकवा, फळी आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये पातळ पटाशी हातोडीने ठोकून एक-दोन सूत फट पाडा, आणि त्या फटीतून हेक्सॉ ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, घालून खिळाच कापा. ब्लेडच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळा, तीच मूठ. खिळा अर्धा कापला गेला की कापायचा आवाज बदलतो, आधी खरखर असते मग किणकिण, तिथे थांबून फळीला हलका झटका दिला तरी उरलेला खिळा तुटतो. फळी सुटते आणि खिळ्याचं डोकं फळीतच राहतं, ते राहू द्या, काळा ठिपका दिसतो आणि मला तो आवडतो. ज्यांच्याकडे रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढेमागे चालणारी विजेची करवत) आहे त्यांनी त्यावर लोखंड कापायचं ब्लेड लावून तासाभरात दोन पॅलेट उघडावेत, पण एका बाकासाठी ते मशीन विकत घेऊ नका.

पायात बूट, हातात जाड मोजे आणि डोळ्यावर चष्मा हवाच, चप्पल घालून हे काम करू नका. गंजका खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आळस करायचा नाही. शेवटी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत लपलेला एक खिळा रंध्याचं पातं किंवा करवतीचे दात खाऊन टाकतो.

सुटलेल्या फळ्या ब्रशने घासून पुसून घ्या आणि सावलीत वाळवा. गच्चीवर जाळीखाली किंवा गॅलरीत एकावर एक ठेवायच्या पण प्रत्येक थराच्या मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळते, आणि वरून वजन ठेवायचं म्हणजे वाकत नाहीत. दोन-तीन आठवडे द्या. कडक उन्हात टाकल्या तर एक बाजू लवकर सुकून फळी होडीसारखी वाकते. हे सगळं उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, आटोपलं, गच्ची मोकळी झाली की सुरू करावं आणि जूनच्या आत पॉलिशपर्यंत यावं, पावसाळ्यात इथे लाकूड वाळतच नाही.

आता मापं. मी सगळं फूट, इंच आणि सुतात सांगते कारण लाकडाच्या पीठ्यावर आणि सुतारांशी बोलताना हेच चालतं. फळी पावणेचार इंच रुंद आणि सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, जाड धरलीय. तुमची पाच सूत असेल तर आतल्या मापात तेवढा फरक करा. दोन्ही टोकांचा चिरलेला भाग कापून प्रत्येक फळी तीन फुटांवर आणा, अशा १३ फळ्या लागतात, दोन जास्तीच्या बाजूला ठेवा.

बसायच्या फळ्या: ३६ इंच, ४ नग
पायांचे तुकडे: सव्वासतरा इंच, ८ नग
वरच्या लांब पट्ट्या: साडेबत्तीस इंच, २ नग
वरच्या आडव्या पट्ट्या: ११ इंच, ३ नग
खालच्या आडव्या पट्ट्या: साडेबारा इंच, २ नग
खालची लांब पट्टी: ३१ इंच, १ नग

पाय करायची युक्ती अशी की एकेरी फळीचा पाय डुगडुगतो, म्हणून दोन तुकडे काटकोनात जोडायचे, लोखंडी अँगलसारखे. पुढच्या तुकड्याच्या मागे बाजूचा तुकडा भिडवा, मध्ये फेविकॉल, आणि पुढून पावणेदोन इंची तीन स्क्रू. असे चार पाय, पण लक्षात ठेवा दोन डावे आणि दोन उजवे, सगळे एकाच हाताचे करून ठेवू नका. प्रत्येक स्क्रूआधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचंच, पॅलेटचं लाकूड सुकं असतं, भोक न पाडता स्क्रू मारला की टोकाजवळ हमखास चिरतं. स्क्रू पिवळे झिंकवाले घ्या, काळे जिप्सम बोर्डाचे स्वस्त मिळतात पण ते कडक असल्याने मान मोडते आणि आपल्या पावसात गंजतातही.

मग साडेबत्तीस इंची पट्टी दोन पायांच्या आतून, वरच्या कडेशी बरोबर लावून बसवा, आतून सव्वा इंची स्क्रू, प्रत्येक पायाला दोन. सव्वाच इंची का, तर दोन फळ्या मिळून दीड इंच होतात, त्यामुळे टोक बाहेर येत नाही आणि या जोडाचा एकही स्क्रू पुढून दिसत नाही. तशीच मागची बाजू करा. आता पुढची आणि मागची बाजू समोरासमोर उभी करून ११ इंची दोन पट्ट्या टोकांना बसवा आणि तिसरी बरोबर मध्यभागी. ही मधली लोक वगळतात, वगळू नका, तीन फुटांची पाऊण इंची पाइनची फळी मध्ये आधार नसेल तर दोन माणसं बसली की लवते. ही मधली पट्टी लांब पट्ट्यांच्या बाहेरून पावणेदोन इंची स्क्रूने धरा. खाली जमिनीपासून चार इंचांवर साडेबारा इंची पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये ३१ इंचीची लांब पट्टी. पुढे मागे अजून दोन फळ्या टाकल्या तर चपलांचा कप्पाही होतो.

वरच्या फळ्या लावायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नाही आले तर जास्त भरलेल्या कर्णाची दोन टोकं धरून दाबा आणि फेविकॉल ओला आहे तोवरच सरळ करा, गुण्यापेक्षा (काटकोन तपासायच्या हत्यारापेक्षा) मला कर्णावर जास्त भरवसा वाटतो. मग चार फळ्या दोन-दोन सूत फट ठेवून मांडा, सगळ्यांची रुंदी आणि फटी मिळून पावणेसोळा इंच होतात आणि चारी बाजूंनी सुमारे इंचभर फळी बाहेर येते. प्रत्येक फळीला तीन ठिकाणी दोन-दोन पावणेदोन इंची स्क्रू, डोकी थोडी आत बसवून. फट ठेवायला विसरू नका, पावसाळ्यात फळी फुगते आणि फट नसेल तर एकमेकींना ढकलून मधूनच वर येते.

घासायचं ते फक्त जिथे हात आणि कपडे लागतात तिथे नीट. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, आणि बसायच्या जागेला शेवटी २२०, नेहमी रेषांच्या दिशेने. बसायच्या कडा गोल करा, गुडघ्यामागे लागतात. नाकाला मास्क. आणि पॅलेटवरचे जुने डाग, करवतीच्या खुणा सगळ्या घासून काढू नका, एवढं पातळ लाकूड आहे, घासत बसलात तर सहा सुतांची फळी पाच सुतांची होईल.

पॉलिशला मी बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, घेते. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन मिसळून कापडाने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी नुसत्या तेलाचा दुसरा हात. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: तेलाचं कापड चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि गोळा केलेलं कापड आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका. बाजारात सागवानी रंगाचा स्टेनही मिळतो, पण पाइन पाइनसारखंच दिसू द्यावं. सागावरचं चकचकीत लाखकाम बघायचं तर आपल्या शेजारच्या संखेड्याचं फर्निचर आहेच, ती कारागिरी वेगळी, आपण त्याची नक्कल करायची नाही.

खर्च म्हणाल तर लाकूड, स्क्रू, फेविकॉल, पेपर, तेल सगळं धरून मला दोन हजारांच्या आतच पडतं, अट एवढीच की ड्रिल शेजाऱ्यांकडून मागून आणायचं. तेवढ्या पैशात दुकानात पार्टिकल बोर्डाचं काहीतरी मिळेलही, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा असल्या फर्निचरचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, फुगून भुगा झाला. सलग लाकूड धुऊन सावलीत वाळवलं की बऱ्याचदा पुन्हा वापरता येतं, पॉलिश मात्र परत करावं लागतं.

बाक जमला की सगळ्यांना झोपाळा करावासा वाटतो, गुजरातेत राहून ते साहजिकच आहे. पॅलेटच्या फळीचा झोपाळा कृपा करून करू नका. या फळ्यांत जुनी खिळ्यांची भोकं असतात, बारीक चिरा असतात, आणि झोक्याचा धक्का नेमका तिथे बसतो. झोपाळ्याला सागाचा पाट आणि पितळेच्या नाहीतर लोखंडी कड्याच हव्यात. पॅलेटमधून अजून काही करायचंच तर चपलांचं रॅक करा, कुंड्यांचा स्टँड करा, भिंतीवरची मांडणी करा. स्वयंपाकघरात पोळपाट किंवा भाजी चिरायची फळी मात्र नको, ज्या लाकडावर पूर्वी काय होतं ते पक्कं माहीत नाही ते अन्नाला लागू देऊ नये.

बाक जागेवर ठेवल्यावर चारही पायांखाली रबरी बुश ठोका, फरशी पुसताना पाणी पायांत चढत नाही. डुगडुगत असेल तर सपाट फरशीवर ठेवून कुठला पाय लांब आहे ते बघा आणि कानशीने तेवढाच घासा, करवतीने कापायला जाऊ नका. मे महिन्यात एकदा स्क्रू आवळून घ्या आणि तेलाचा एक हात द्या.