नव्वद सेकंद हात बांधून

स्टोरेजच्या कामात पहिला मोठा घोळ मी स्वतःच्या हाताने घातला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी सिस्टिम ॲडमिन म्हणून लागून जेमतेम तीन महिने झाले होते. दुपारी सव्वातीनला लॅबमधून फोन आला, "अहो, फाइल उघडतच नाहीये, कॉपी पण अडकलीय." पाहिलं तर गेटवेचं, म्हणजे स्टोरेज आणि लॅबमधली मशीनं यांच्या मधल्या दाराचं, एक मशीन पडलं होतं आणि दुसऱ्याने त्याची जागा घेतली होती. म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं होतं. पण मी एक फाइल उघडून पाहिली, तर कर्सर नुसता लुकलुकत उभा. मिनिटभर थांबले, धीर सुटला, एनएफएसची (नेटवर्कवरून फायली वाटायच्या पद्धतीची) सर्व्हिस रिस्टार्ट केली. फरक शून्य. आणखी एक मिनिट, पुन्हा रिस्टार्ट. चौथ्या वेळी सर मागे येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "कीबोर्डवरून हात काढ. मांडीवर ठेव." दीड मिनिटाने सगळं आपोआप सुरू झालं.

हा दीड मिनिटाचा हिशेब कळायला मला पुढचे काही आठवडे लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. बहुतेक जण सुरुवात करतात ती सेफच्या आतल्या भागापासून.

सेफ म्हणजे वितरित स्टोरेज. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात पीएचडी करताना ते उभं केलं, २००६ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला आणि २०१४ मध्ये त्यामागची इंकटँक ही कंपनी रेड हॅटने घेतली. नाव आलंय सेफॅलोपॉड या शब्दावरून, म्हणजे ऑक्टोपस-माकूळ यांच्या कुळावरून. त्याच्या अनेक हातांसारखा डेटा अनेक डिस्कवर पसरतो. आमचे सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, "नाव सेफ आहे म्हणून डेटा सेफ आहे असं समजू नकोस."

लिनक्सच्या मशीनवरून सेफची फाइल सिस्टिम थेट माउंट करता येते, म्हणजे आपल्याच डिस्कसारखी जोडता येते, आणि ती वेगवानही असते. मग मध्ये एनएफएस आणि सांबाची भानगड कशाला? कारण जग लिनक्सपुरतं नाही. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला जुना विंडोज पीसी आहे, त्यावर काहीही नवं बसवायची परवानगी नाही. दोन मॅक आहेत. शिवाय थेट माउंट करायचं तर प्रत्येक ग्राहक मशीन (फायली वापरणारं) प्रत्येक डिस्क-सर्व्हरपर्यंत नेटवर्कने पोचलं पाहिजे, त्याच्याकडे सेफची किल्ली पाहिजे, आणि ते मशीन हँग झालं तर त्याने धरून ठेवलेल्या फायलींवरच्या हक्कांमुळे बाकीचेही ताटकळतात. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपच्या हातात एवढं कोण देणार? म्हणून मध्ये गेटवे. मागे सेफ, पुढे साधा एनएफएस किंवा सांबा बोलतो ती विंडोजची पद्धत, एसएमबी, जे सगळ्यांना कळतं. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, सांबा अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलं. वयाने दोन्ही माझ्यापेक्षा मोठे.

सेफसमोर बसणाऱ्या एनएफएस सर्व्हरचं नाव एनएफएस-गणेशा. हा जन्मला फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात, सीईए मध्ये. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर साध्या प्रोग्रामसारखा चालतो. पुण्यात गणेशा रिस्टार्ट करायची वेळ आली की कुणीतरी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतंच. ते सोडून देऊ.

गेटवेची किंमतही मोजावी लागते. मागे पन्नास डिस्क असोत की पाचशे, सगळा डेटा त्या एका दारातून जातो. १० गिगाबिटची एक केबल म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला १.२५ जीबी, त्याच्या वर नाही. एवढे सर्व्हर घेऊनही वेग का नाही, ही तक्रार आली की मी आधी गेटवेचं नेटवर्क बघते, डिस्क नंतर. छोट्या फायलींचं दुखणं वेगळं. हजारो बारीक फायलींची टार (एकत्र बांधलेलं गाठोडं) उघडली की प्रत्येक फाइलसाठी ग्राहक ते गेटवे, गेटवे ते सेफ अशी फेरी होते, आणि मागे तीन प्रती लिहून झाल्याशिवाय हो म्हटलं जात नाही. तिथे केबल जाड करून काही उपयोग होत नाही.

आता ते नव्वद सेकंद. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कोणत्या ग्राहकाने कोणती फाइल उघडलीय, कुणाचं कुठे लॉक (फाइल आपल्यापुरती अडवून ठेवणं) आहे, हे सर्व्हर लक्षात ठेवतो. सर्व्हर पडला की ही आठवण जाते. नवा सर्व्हर उभा राहिला तर त्याने काय करावं? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. ज्यांचे रुमाल आधीचे आहेत त्यांना आधी बसू द्यायचं, तोवर नव्या माणसाला दारातच थोपवायचं. नाहीतर मी लॉक केलेली फाइल माझं लॉक परत मिळण्याआधी दुसराच कुणी पळवेल. या मुदतीला ग्रेस पिरियड म्हणतात. गणेशाची मूळ सेटिंग ९० सेकंदांची आहे आणि आमच्याकडेही तीच होती. मी काय करत होते? दर मिनिटाला बस रिकामी करून पुन्हा रुमालांपासून सुरुवात. चार रिस्टार्ट, आणि प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर.

पुस्तकात हे एका परिच्छेदात असतं आणि डोक्यात राहत नाही. म्हणून घरी प्रयोगशाळा लावा. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असेल तर चार-चार जीबीच्या तीन व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारी आभासी मशीनं) कशाबशा बसतात. प्रत्येकीला २० जीबीची एक रिकामी जादा डिस्क द्या. बेरीज ६० जीबी, पण तीन प्रतींमुळे हातात येतात २० जीबी. त्यातही ८५ टक्क्यांना इशारा येतो आणि ९५ ला लिहिणं बंद होतं. (हे गणित साहेबांना खरेदीच्या आधी सांगायचं असतं. नंतर सांगितलं की पडतात त्या शिव्याच.) सेफ उभं करा, फाइल सिस्टिम बनवा, दोन व्हीएमवर गणेशा आणि पुढे एक तरता आयपी, जो एक मशीन पडलं की दुसऱ्यावर जातो. लॅपटॉपवरून माउंट करा, मोठी कॉपी लावा आणि गेटवेची व्हीएम सरळ बंद करून टाका. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसा. साठाव्या-सत्तराव्या सेकंदाला हात शिवशिवतो, तो कसा आवरायचा हे शिकण्यासाठीच हा खेळ आहे.

माउंट करताना हार्ड की सॉफ्ट, यावर मात्र वाद घालू नका. लिहिणं होणार असेल तर हार्ड. सॉफ्टमध्ये सर्व्हर वेळेत बोलला नाही की ग्राहक चूक परत करतो, आणि बरेच प्रोग्राम ती चूक तपासतच नाहीत. फाइल अर्धवट राहते आणि कुणाला पत्ता नसतो. हार्डमध्ये प्रोसेस अडकून बसते, लोड ॲव्हरेज (मशीनवरच्या भाराचा आकडा) आकाशाला भिडतं, फोन वाजत राहतात, पण डेटा शाबूत राहतो. फोन परवडले.

परवानग्यांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त छळून गेलं. एका पीएचडीच्या मुलीच्या फायली एका सकाळी भलत्याच विद्यार्थ्याच्या नावावर दिसू लागल्या. कुणी चोरल्या नव्हत्या. साध्या एनएफएसमध्ये माणसाचं नाव जात नाही, नंबर जातो. तिच्या लॅपटॉपवर तिचा युजर नंबर १००१, आणि दुसऱ्या मशीनवर १००१ म्हणजे तो मुलगा. तेव्हापासून एलडॅपवर (सगळ्यांच्या नावा-नंबरांची एकच सामाईक यादी) नसलेलं मशीन आम्ही माउंट करू देत नाही. त्याच धाटणीची दुसरी गंमत: विभागातले सर्वात ज्येष्ठ प्राध्यापक, प्रत्येक प्रकल्पाच्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव, आणि नेमके त्यांनाच नव्या प्रकल्पाचं फोल्डर उघडेना. नंबर पाठवायच्या त्या जुन्या पद्धतीत एका विनंतीबरोबर १६ च ग्रुप जातात. त्या प्राध्यापकांचा तो ग्रुप सतरावा निघाला. गणेशात ग्रुपची यादी सर्व्हरनेच शोधावी अशी सेटिंग आहे, ती चालू केली आणि मिटलं. दोन दिवस मात्र मी फोल्डरच्या परवानग्याच पुन्हा पुन्हा तपासत होते.

विंडोजवाल्यांसाठी सांबा. इथे एकच नियम आम्ही ठोकून बसवलाय: एक फोल्डर, एक प्रोटोकॉल. एक्सेलची फाइल कुणी विंडोजवरून उघडून बसलंय हे सांबाला ठाऊक असतं, शेजारून एनएफएसने आलेल्या स्क्रिप्टला नसतं. आमच्याकडे एका बाईंनी अशी फाइल उघडी ठेवली होती, रात्रीच्या स्क्रिप्टने ती बदलली आणि सकाळी त्या बाईंनी आपल्या खिडकीतून जुनी सेव्ह केली. एका रात्रीची मोजमापं गेली. आदल्या दिवसाचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची जपलेली प्रत) होता, पण ती मोजमापं त्यानंतरची होती.

"मी फाइल ठेवली, त्याला दिसत नाही" ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येतेच. लिनक्सचा एनएफएस ग्राहक फोल्डरची माहिती साधारण अर्ध्या मिनिटापासून मिनिटभर स्वतःजवळ जपून ठेवतो, बहुतेक वेळा तेच कारण. "चहा घेऊन या" हे इथे खरंच तांत्रिक उत्तर आहे.

नोकरीचं थोडक्यात. पुण्यात स्टोरेजचं काम जुनं आहे, वेरिटास या स्टोरेजमधल्या कंपनीचं मोठं केंद्र इथे वर्षानुवर्षं होतं, त्यामुळे विचारणारी माणसं भेटतात. ग्लस्टर (सेफसारखंच दुसरं वितरित स्टोरेज) शिकू का असं बरेच जण विचारतात. संकल्पना म्हणून शिका, पण रेड हॅटने त्याचं व्यावसायिक उत्पादन २०२४ अखेर बंद केलंय, तेव्हा हात बसवायचा तर सेफवर. मुलाखतीत मला कमांड कुणी विचारल्या नाहीत. विचारलं ते एवढंच: "गेटवे पडला. पुढच्या दोन मिनिटांत काय काय होतं, सांग." मी ती दुपार जशीच्या तशी सांगितली, चार रिस्टार्टसकट.

गेल्या शनिवारी नव्या मुलाला घेऊन गेटवे पाडायची तालीम केली. तो मोठ्याने आकडे मोजत होता. पासष्टला त्याने माझ्याकडे पाहिलं, सत्तरला म्हणाला, "ताई, एकदा रिस्टार्ट करून बघू का?" मी त्याचा कीबोर्ड उचलून माझ्या टेबलावर ठेवला. ब्याण्णवला कॉपी पुढे सरकली.