गाडी गरम होते? आधी सांगा, कधी होते

कुंभार्ली घाट चढून आलेली गाडी कऱ्हाडात माझ्या गॅरेजला लागली की मालकाचं वाक्य ठरलेलं असतं, “पाणी टाकत टाकत आणली.” मग टाकलेलं पाणी गेलं कुठे? पेट्रोल जळतं, ऑइलही थोडंफार जळतं, पण कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्राव, ही संपायची वस्तू नाही. कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत असेल तर ते बाहेर गळतंय, केबिनमध्ये गळतंय, नाहीतर इंजिनात जळतंय. या तिन्हींपैकी काय चाललंय ते कळेपर्यंत पाणी टाकणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

आधी जिवाचं सांगतो. गरम इंजिनाची रेडिएटर कॅप उघडायची नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. कॅपच्या दाबामुळे आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताक्षणी दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. काटा चढायला लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वरचा होज (रेडिएटरला जोडलेला रबरी पाइप) हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबा, त्याला तासभरही लागतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, त्याने वाकतं किंवा त्याला चीर जाते.

आता मूळ प्रश्न, गाडी गरम कधी होते? सिग्नलला, टोलच्या रांगेत काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर फॅनकडे बघा. गावात ठीक पण हायवेला किंवा घाटात तापते, तर रेडिएटर, वॉटर पंप किंवा पाण्याच्या प्रवाहात अडथळा. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) नाहीतर हेड गॅस्केट (हेडखालचं सील). कुठलं तरी काम करून आणल्यापासून तापते, तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. एवढं नीट सांगितलंत तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं आणि तुमचे नको ते पार्ट बदलले जात नाहीत. पुष्कळ नव्या छोट्या गाड्यांना काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. तिथे स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ओबीडी स्कॅनर घ्या, मोबाइलवर तापमानाचा आकडा दिसतो. मात्र पाणी फारच कमी झालं असेल तर सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि आकडा कमी दाखवतो, त्यामुळे आकड्यावर विसंबून पातळी बघायची सोडू नका.

फॅनची परीक्षा घरी होते. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन लगेच फिरायला हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. अजिबात फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले बॉक्समध्ये असला तर अदलाबदल करून बघा. मोटरला हलकीशी टकटक केल्यावर ती फिरली, तर तिचे आतले कार्बन ब्रश झिजले. ही टकटक इग्निशन बंद ठेवून, लांब दांड्याने करायची आणि मग गाडी सुरू करून बघायचं. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो, बोटं लांब ठेवा. मोटर नुकतीच बदलली असेल तर वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरा. पान जाळीला चिकटलं पाहिजे. बाहेर ढकललं गेलं तर वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि फॅन हवा उलटी फेकतोय.

आमच्याकडे गाळप हंगामात एक वेगळंच दुखणं येतं. उसाच्या गाड्यांमागून चालताना पाचटाचे तुकडे आणि धूळ आत ओढली जाते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, कारण घाण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसलेली असते. टॉर्च वरून तिरका मारून बघा, गोधडीसारखा थर दिसेल. तो आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने काढायचा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पात्या मुडपतात आणि हवा कायमची अडते.

कॅपला कुणी किंमत देत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त सांगतो. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली की दाब धरत नाही. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटर उंचीवर, उघड्यावरचं पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं, तेव्हा घाट चढणाऱ्या गाडीची कॅप सैल असणं किती महागात पडेल ते बघा. रात्री गाडी गार झाल्यावर होज चपटा झालेला दिसला तर कॅपचा आत हवा घेणारा वॉल्व अडकलाय. कॅप बदलताना आकडा तोच घ्या, जास्त दाबाची “भारी” कॅप लावू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे, “आपल्या हवेत लागत नाही” म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. इंजिन नेहमी थंड राहतं, ॲव्हरेज पडतो, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटरकडे न जाता आतच फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर तो काढा, जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवीन टाका. पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटच्या रंगाचा सुकलेला ओघळ दिसला की सील गेलं. पुलीला हाताने खेळ लागला तर बेअरिंग. रेडिएटर आतून चोंदण्याचं मुख्य कारण बोअरचं पाणी. त्यातले क्षार नळ्यांत बसतात. गाडी तापवून इंजिन बंद केल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवा. मधेच एखादा पट्टा फार गार लागला तर तिथून पाणी जात नाही. पुढच्या सीटचं मॅट ओलं आणि केबिनमध्ये गोडसर वास, तर हीटरची कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतेय.

गळती कुठेच दिसत नाही आणि पाणी तरी जातं, तर हेड गॅस्केट. थंड गाडीची कॅप उघडून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच एकसारखे बुडबुडे यायला लागले, किंवा कॅप लावून मिनिटभरातच होज दगडासारखा टणक झाला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस थंडीत, जवळजवळच्या फेऱ्यांत नुसत्या बाष्पानेही येतो, तेवढ्यावरून हेड उतरवू नका. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नका. शंका राहिली तर गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची टेस्ट मागा. बाटलीच्या तोंडाशी धरलेला द्राव पेट्रोल गाडीत पिवळा झाला की संशय संपला. हेड उतरवलंच तर फेसिंग, म्हणजे त्याचा तळ सपाट आहे का ते, तपासून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.

कुठलाही पार्ट बदला, शेवटी हवा काढावीच लागते. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड इंजिनाची कॅप उघडून गाडी सुरू करा आणि वरचा होज गरम होईपर्यंत पातळी भरत राहा. कूलंट कंपनीने सांगितलेलं घ्या, तयार नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. ते गोड असतं आणि विषारीही, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. मग बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर सकाळी, गाडी सुरू करण्याआधी पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत उरलेली हवा निघून ती किंचित उतरेल. त्यानंतरही उतरत राहिली, तर गाडी परत घेऊन या.