फिल्टर बदलायचाय? आधी क्लिपा आणा

टूरिंगच्या मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर घरी बदलायचा तर फिल्टर आणला की तयारी झाली, असं वाटतं. झालेली नसते. फिल्टरच्या दोन्ही टोकांना बसणारा पाइप आणि त्यावर आवळायच्या क्लिपा, दोन्ही नवीन आणा. जुन्या क्लिपा परत लावू म्हणाल तर खाऱ्या हवेत राहिलेली क्लिप वरून ठणठणीत दिसते आणि पक्कड लावली की तिचे दोन तुकडे होतात. मागच्या खेपेला माझे झाले. रविवार, टाकी उतरवलेली, गाडी खळ्यात उघडी पडलेली, आणि हवी ती क्लिप मिळेल असं जवळचं गाव चिपळूण. गुहागरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, तेही एसटीने, कारण गाडी तर खळ्यात. चार लागत असतील तर सहा आणा.

आणि कुठलीही आणू नका. पट्टीला खाचा असलेली, स्क्रूने आवळायची जी क्लिप हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती बागेच्या नळीसाठी ठीक. आवळत गेलं की त्या खाचा रबरात रुततात आणि पाइप तिथेच कापला जातो. गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली, छोट्या बोल्टने आवळायची क्लिप इंजेक्शनसाठी, म्हणजे पंपाने दाब देऊन इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या गाडीसाठी, म्हणून वेगळी मिळते. पाइपाचंही तेच. कार्ब्युरेटरच्या गाडीला लावतात तो पारदर्शक पाइप इंजेक्शनला लावायचा नाही. इंजेक्शनचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस हवा भरतो, त्या मापाने इथे चाळीसच्या वर. तो पातळ पाइप सुटला तर पेट्रोलची पिचकारी थेट तापलेल्या इंजिनावर. इथे काटकसर नको. पाइपही हवा त्यापेक्षा वीतभर जास्त घ्या, कारण जुना कडक झालेला असतो, ओढताना टोक फाटतं आणि कापल्यावर आखूड पडतो.

काही गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत पंपाबरोबरच असतो. तिथे क्लिपेच्या जागी पंपाच्या झाकणाखालची मोठी रबरी रिंग. ती पेट्रोलमध्ये फुगते आणि एकदा बाहेर आली की परत खाचेत बसत नाही. तीही नवीन. तुमच्या गाडीत फिल्टर कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आदल्या आठवड्यात बघा, टाकी उचलल्यावर नाही.

पाने, ॲलन की, पक्कड, फडकी, हातमोजे: असतातच. डोळ्यांना चष्मा लावा.

दिवस पावसाळा संपल्यावरचा धरा. आता पंपावर मिळतं ते बहुतेक वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल ओल खेचतं. कोकणात चार महिने अर्ध्या टाकीवर गाडी उभी राहिली की टाकीतल्या मोकळ्या जागेत दमट हवा, लोखंडी टाकी असेल तर गंज, आणि पाणी फार झालं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी जातं, जिथून पंप ओढतो. गंजाची ती पूड फिल्टरमध्ये अडकते. लक्षण ओळखायचं असेल तर सपाटीवर बघू नका. साखरप्यापर्यंत गाडी गुणी असते आणि आंबा घाटात जोर मागितला की गचके खाते, कारण तेव्हाच पेट्रोल जास्त लागतं आणि फिल्टर तेवढं सोडत नाही. पुढच्या जूनमध्ये उभी करताना टाकी गच्च भरून ठेवा.

काम करायच्या दिवशी मात्र टाकी रिझर्व्हला आलेली हवी. पंधरा लिटर पेट्रोल म्हणजे अकरा किलोच्या आसपास वजन, ते घेऊन टाकी उचलणं आणि तिरकी धरणं एकट्याचं काम नाही. उरलेलं काढायला पेट्रोलचा झाकणाचा डबा ठेवा. पाण्याच्या बाटलीत अजिबात भरू नका, घरात कोणीतरी तहानेलं असतंच.

जागा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. म्हणून पडवीत नको, खळ्यात करा, आणि न्हाणीघराबाहेर बंब पेटवलेला असेल तर तो विझून गार होईपर्यंत थांबा. बंब पंधरा पावलांवर आहे, काय होतंय, असं वाटेल. वाऱ्याची दिशा तुम्हाला विचारून बदलत नाही. डासांची अगरबत्ती, बिडी ओढत बघायला आलेले शेजारचे काका, सगळं लांब. काका रागावले तर रागावू देत. माती भरलेली बादली जवळ ठेवा, आग विझवायचा पावडरचा सिलिंडर असेल तर उत्तमच. पाणी मारू नका, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

इंजिन गार असताना सुरुवात करा, म्हणजे सकाळी. आधी पंपाचा फ्यूज काढा, मग गाडी चालू करा. पाइपातलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. आणखी दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, मग चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. हे वगळून पाइप ओढणाऱ्याने डोळ्यांचं आधी बघावं. एवढं करूनही थोडं पेट्रोल येणारच, जोडावर फडकं गुंडाळून मगच ओढा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हा ताप नाही, कॉक बंद केला की झालं. क्लिपा मात्र तिलाही लागतात.

क्लिपा आणल्यात ना? पाना लावायच्या आधी त्या समोर फडक्यावर मांडा. पुडीत आहेत, कपाटात आहेत, हे चालणार नाही. मी सांगतोय म्हणून बघा एकदा, पाइपाच्या जाडीलाही लागतात की नाही. मोठी क्लिप कितीही आवळली तरी गोल बसत नाही, गळतेच.

जुना फिल्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो. नव्यावर बाण असतो, तो इंजिनाच्या दिशेला. फिल्टर पाइपात घालण्याआधी क्लिप पाइपावर सरकवून घ्या, नंतर जात नाही. आवळा, पण रबर बाहेर फुगेल इतकं नाही.

फ्यूज, बॅटरी परत जोडा. चावी दोन-तीनदा चालू-बंद, पंप घुंईं करून थांबेल. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. ओला झाला तर चालू करू नका. कोरडा असेल तर चालू करा, परत कागद. मग टाकी पक्की करा, सीट लावा. एक चक्कर मारून आल्यावर अजून एकदा कागद.

जुना फिल्टर उलट्या बाजूने पांढऱ्या फडक्यावर ओता. तांबूस पूड निघाली तर टाकी आतून साफ करायला झालीये, नुसत्या फिल्टरने भागणार नाही. ते घाण पेट्रोल गटारात नाही, माडाच्या आळ्यात नाही, विहिरीच्या आसपास तर नाहीच. खालचा जांभा सगळं पिऊन पाण्यात सोडतो. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो सुटे भाग धुवायला घेतो.