कार्बोरेटर मॅनिफोल्डवर बसवताना बोल्ट आवळून हवा थांबत नाही

आमच्या जुन्या स्प्लेंडरची रेस सिग्नलला आपोआप चढायची, अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट, आणि गॅरेजमधे नेली की प्रत्येक वेळी एकच इलाज, कार्बचे (म्हणजे कार्बोरेटर, पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) दोन बोल्ट अजून थोडे आवळायचे. चार दिवस बरी चालायची मग परत तेच. शेवटी मीच खोलून बघितलं तर आवळून आवळून कार्बच्या फ्लँजचे (जोडावर टेकणारी सपाट पट्टी) दोन्ही कान, म्हणजे बोल्टची टोकं, पुढे वाकलेले, आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, म्हणूनच रेस चढायची.

हे २०२० च्या आधीच्या कार्बवाल्या गाड्यांसाठी लिहितोय, स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, सगळ्यांचं ९७.२ सीसी इंजिन आणि बसवायची पद्धत तीच. कार्ब आणि मॅनिफोल्ड (कार्बमधून इंजिनकडे जाणारी नळी) यांच्या मधे काळा बेकलाईटचा तुकडा असतो, तो इंजिनची उष्णता कार्बपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे तो "नको असलेलं पॅकिंग" समजून कोणी काढला असेल तर आधी आणून लावा. हवा अडवायचं काम फ्लँजच्या खाचेतली ओ-रिंग (रबराची गोल कडी) करते, बोल्टचं काम फक्त ती नीट दाबून धरायचं.

इंजिन गार असतानाच काम करा, पेट्रोल कॉक बंद करून कार्बच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. कार्ब निघाला की मॅनिफोल्डच्या भोकात लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा घाला, एखादा वॉशर आत पडला तर हेड खोलायची वेळ येते. जुनी ओ-रिंग बोटात धरून बघा, गोल न राहता चपटी, कडक झाली असेल तर टाकून द्या, नवीन फार महाग नसते.

आता फ्लँज. ओ-रिंग काढून त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे बघा, मधून उजेड दिसला की समजायचं कान वाकलेत. सपाट काचेवर पाण्याचा बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने आठच्या आकड्यात घासा, पहिल्यांदा फक्त कान चमकतात, हळूहळू सगळीकडे सारखी चमक आली की थांबा, जास्त घासलं तर ओ-रिंगची खाच उथळ होते. नंतर कार्ब पूर्ण धुवून घ्या, पावडरचा कण आत राहिला तर जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) चोक होतो. बेकलाईटला तडा नाही ना तेही बघा. सिलिकॉन अजिबात लावू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि तुकडे आत ओढले जातात. ओ-रिंग खाचेतून पडत असेल तर ग्रीसचं एक बोट पुरे.

बसवताना बोळा काढायला विसरू नका. एअर फिल्टरचा रबरी होज आधी कार्बच्या मागच्या तोंडावर चढवून घ्या, क्लॅम्प सैल ठेवून, नाहीतर नंतर तो कार्बला एका बाजूला ओढत राहतो. दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जाऊ द्या, अडखळला तर पाना लावून जबरदस्ती नको, अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की हेलिकॉईल (नवीन आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवावं लागतं. मग दहा नंबरच्या पान्याने पाव फेरा इकडचा, पाव फेरा तिकडचा असं करत न्या, कार्ब सरळ टेकत गेला पाहिजे. ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर ताकद लागते, टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना मुठीत न धरता दोन बोटांनी ओढा, बोल्ट टेकल्यावर थोडासा दाब आणि बस्स. शेवटी होजचा क्लॅम्प घट्ट करा.

गाडी चालू करून सायलेन्सर तापायच्या आत जोडावर साबणाचं पाणी स्प्रे करा, स्लोचा (अ‍ॅक्सिलेटर न देता चालू असलेल्या इंजिनचा) आवाज बदलला तर अजून हवा ओढतेय. हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवूनही बघा, तेव्हा रेस चढली तर दोष केबलचा आहे, बोल्टला हात लावू नका.